आठ कोअर, चार जीबी आणि फुकटची एसएमपीएस

प्रश्न : ताई, पैसे साठवून पहिला गेमिंग कॉम्प्युटर स्वतः असेंबल करतोय. यादी अशी : रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅमची एक स्टिक, ४ जीबीचं आरएक्स ६५०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड, १ टीबी हार्ड डिस्क आणि चार आरजीबी पंख्यांचं कॅबिनेट. कॅबिनेटसोबत ६०० वॅटची एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) फुकट येतेय. मॉनिटर घरात आहे, १०८० पी, ७५ हर्ट्झचा. मित्र म्हणतात, प्रोसेसर तगडा घे, बाकीचं नंतर बदलता येतं. बजेट याहून वाढणार नाही. काही चुकतंय का?

उत्तर : मित्रांचं निम्मं बरोबर आहे. नंतर बदलता येतं खरं, पण मग नंतरसाठी प्रोसेसर ठेव, ग्राफिक्स कार्ड नको. तुझ्या यादीत नाकापेक्षा मोती जड झालाय.

मी कुणाचीही यादी मॉनिटरपासून उलटी वाचते. तुझ्या पडद्यावर साधारण २० लाख ७४ हजार पिक्सेल आहेत आणि तो सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलतो. बहुतेक मोठ्या गेममध्ये हे काम पेलताना आधी दम लागतो तो ग्राफिक्स कार्डाला. ते धापा टाकत असेल तर आठ कोअरचा प्रोसेसर नुसता वाट पाहत बसतो. रायझन ५ ५६०० घे. सहा कोअर, १२ थ्रेड (म्हणजे एका वेळी चालणारी कामं), आणि एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ५७००एक्सइतकीच, ३२ एमबी. शिवाय तुझ्या यादीत कूलरच नाही, लक्षात आलं का? ५७००एक्सच्या बॉक्समध्ये तो येत नाही, ५६००च्या बॉक्समध्ये येतो. फार दमदार असा काही तो कूलर नाही, पण काम भागतं. पुढेमागे वापरलेला ५८००एक्स३डी प्रोसेसर हाती लागला, तर तोही याच एएम४ (प्रोसेसर बसवायच्या खाचेचा प्रकार) बोर्डवर बसेल.

वाचलेले पैसे कार्डात घाल. ६५०० एक्सटी मला का नको, ते सांगते. हे कार्ड मदरबोर्डशी फक्त चार लेननी, म्हणजे माहिती ये-जा करायच्या चार वाटांनी, बोलतं. पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारा रस्ता) ४.० असलेल्या बोर्डवर ते खपून जातं. बी४५० मात्र ३.० चा, म्हणजे रस्ता निम्माच. टेक्श्चर, म्हणजे गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं, ४ जीबीत मावेनासे झाले की ते साध्या रॅममध्ये ठेवावे लागतात आणि त्याच अरुंद रस्त्यानं ये-जा सुरू होते. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) बरा दिसतो, पण वळणावर गाडी फिरवलीस की चित्र अडखळतं. आरएक्स ६६०० मध्ये ८ जीबी आणि आठ लेन आहेत, तुझ्या मॉनिटरला ते भरपूर झालं. नवं परवडत नसेल तर वापरलेलं बघ, मात्र अर्धा तास जड गेम चालवून, पंख्याचा आवाज ऐकून आणि तापमान पाहूनच घे.

आता फुकटची एसएमपीएस. इथे मी जरा चिडते, कारण मी स्वतः भोगलंय. माझा पहिला कॉम्प्युटर मोठी लढाई सुरू झाली की ठप्प बंद व्हायचा. एरवी एकदम शहाणा. मी गेमला शिव्या घातल्या, विंडोज दोनदा नव्यानं टाकली, रॅम बदलून पाहिली. दोष निघाला त्या पत्र्याच्या डब्यात. लेबलवर मोठ्या अक्षरांत वॅट लिहिलेले, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या ओळीला जेमतेम २० अँपिअर. गुणाकार कर : २४० वॅट. प्रोसेसर आणि कार्ड आपली मुख्य भूक याच ओळीवर भागवतात. तुझ्या फुकटच्या डब्याचाही हा तक्ता वाच.

तुझी गरज खरं तर मोठी नाही. ६६०० ला १३२ वॅट, ५६०० ला जास्तीत जास्त ७६ च्या आसपास, बाकी सगळं मिळून आणखी पन्नासेक. कार्ड क्षणभर याहून जास्त ओढतं, म्हणून चांगल्या बनावटीची ५०० ते ५५० वॅटची घे. ‘८० प्लस’ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतले संरक्षण सर्किट कसे आहेत ते नाही. त्यामुळे वॉरंटी किती वर्षांची, हेही बघ. आणि वापरलेली एसएमपीएस घेऊ नकोस. वापरलेलं कार्ड चालवून पारखता येतं, हिच्या पोटातले थकलेले कपॅसिटर बाहेरून दिसत नाहीत.

रॅम १६ जीबीच, पण ८ च्या दोन स्टिक. मेमरीचे दोन्ही चॅनल वापरात येतात. बोर्डवर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात बसव. नंतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग, चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत राहील आणि तुला पत्ताही लागणार नाही.

हार्ड डिस्कऐवजी ५०० जीबीची एनव्हीएमई (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान, चिपवाली डिस्क) घे. जागा कमी पडेल, कुरकुर करशील, दोन गेम उडवशील. चालेल.

बी४५० ठेवायचा तर विकणाऱ्याला एवढंच विचार, की यातला बायोस ५००० मालिकेचा प्रोसेसर ओळखतो का. जुना असेल तर पंखे फिरतील, पडदा काळा. आणि पडदा काळा दिसला की घाबरण्याआधी मॉनिटरची केबल कुठे लावलीस ते पाहा. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे केबल कार्डालाच लागते. मी पहिल्या दिवशी ती मदरबोर्डला लावून दोन तास रडकुंडीला आले होते.

आरजीबी पंख्यांबद्दल वाद घालत नाही. पुढची बाजू जाळीची असेल तर दिवे लाव खुशाल. पुढे काच आणि हवेला वाटच नाही, असं कॅबिनेट मात्र नको.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण जुन्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरपेक्षा वेगळं काही वाटत नाही. फसलो का?

उत्तर : बहुधा नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जा, अॅडव्हान्स्डमध्ये रिफ्रेश रेट बघ. ६० च दिसेल, माझी पैज. तिथे १४४ निवड. यादीत १४४ येतच नसेल तर जुनी एचडीएमआय केबल काढून डिस्प्लेपोर्टची लाव. मग माउस गोल गोल फिरवून बघ, फरक तिथेच कळतो.