काळा पाषाण आणि काळा ग्रॅनाइट

विचारणा अशी आहे: 'ओट्याला बसवतात तो काळा ग्रॅनाइट आणि बोअरवाले म्हणतात तो काळा पाषाण, हे एकच का?'

नाही. दोन्ही अग्निज खडक खरे, म्हणजे शिलारस (वितळलेला खडक) थिजून झालेले; पण वेगळे. अग्निज खडकाला नाव देताना दोन गोष्टी पाहतात: कण केवढे आणि सिलिका, म्हणजे गारेतला मुख्य घटक, किती. रंगाचा नंबर त्यानंतर. सावकाश निवलेलं तूप रवाळ होतं, तसंच इथे. शिलारस जमिनीत खोलवर थिजला तर स्फटिकांना वाढायला सवड मिळते आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारे रवे तयार होतात. लाव्हा होऊन वर आला की तो झपाट्याने निवतो, कण अगदी बारीक राहतात. साधारण ७० टक्के सिलिकेचा रस खोलवर थिजला तर ग्रॅनाइट, भूपृष्ठावर थिजला तर रायोलाइट. सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर खोलवर गॅब्रो, वर बेसॉल्ट.

बोअरवाल्यांचा काळा पाषाण म्हणजे घट्ट, भेगा नसलेला बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून आपला बहुतेक महाराष्ट्र घडला. प्रत्येक थराच्या माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिली आणि पुढे त्यांतल्या कित्येकांत गारगोट्या, झिओलाइटसारखी खनिजं भरली. पोटातला भाग मात्र घट्ट राहिला. त्या भागात पाणी फारसं साठत नाही, म्हणून 'काळा पाषाण लागला' हे शब्द शेतकऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवतात. बेसॉल्टचा ताजा फुटलेला तुकडा पाहा: सगळा एकजीव काळा, रवा म्हणून हाताला लागत नाही.

आता ओट्याची फरशी ओली करून उन्हात तिरकी धरा. एकमेकांत अडकलेले काळे-करडे रवे चमकतील. हा बहुधा गॅब्रो किंवा त्याच्या जवळचा, जरा बारीक कणांचा डोलेराइट. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार ही फिकी खनिजं भरपूर, त्यामुळे तो फिका, गुलाबी किंवा करडा असतो. हंपीचे धोंडे किंवा नांदेड जिल्ह्यात देगलूरकडचा खडक आठवा. दगडाच्या व्यापारात मात्र झिलई घेणाऱ्या कुठल्याही कठीण दगडाला सर्रास ग्रॅनाइट म्हणतात. दुकानात तसं म्हणायला माझी हरकत नाही; पाठ्यपुस्तकात आणि कोशात ते येऊ नये.

'काळ्या पाषाणातली मूर्ती' हा तिसराच वापर. तिथे पाषाण म्हणजे कुठलाही दगड, आणि काळा हा नुसता रंग.