बीजिंग ते शांघाय: अंतर किती, वेळ किती?

प्रश्न: बीजिंग ते शांघाय हे अंतर कुठे सुमारे १,०७० किलोमीटर, कुठे १,३१८, तर कुठे १,४६० किलोमीटरच्या पुढे दिलेले आढळते. यांपैकी कोणते खरे मानावे? आणि कामासाठी जाणाऱ्याने विमान निवडावे की रेल्वे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: तिन्ही आकडे बरोबर आहेत, मात्र ते तीन निरनिराळ्या मार्गांचे आहेत. पहिले अंतर हवाई, म्हणजे सरळ रेषेतले आहे. तिसरे जुन्या रेल्वेमार्गाचे. आणि १,३१८ किलोमीटर हे ३० जून २०११ रोजी सुरू झालेल्या अतिवेगवान रेल्वेमार्गाचे अंतर आहे. मोटारीने जाणाऱ्याला द्रुतगती महामार्गाने साधारण १,२६० किलोमीटर पडतात आणि वाटेतले थांबे धरून अख्खा दिवस मोडतो.

नवा मार्ग जुन्यापेक्षा जवळजवळ दीडशे किलोमीटरने कमी भरतो, कारण तो मुद्दाम सरळ आखलेला आहे आणि त्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग पुलांवरून जातो. यांगत्से नदीच्या मुखाकडील प्रदेश भाताच्या खाचरांचा, कालव्यांचा आणि तळ्यांचा असून तिथली माती मऊ आहे. भराव घातला असता तर तो खचण्याची भीती होती, शिवाय सुपीक जमीनही फार गेली असती. म्हणून दानयांग ते कुनशान हा टप्पा सलग सुमारे १६५ किलोमीटर लांबीच्या पुलावरून नेला आहे. रुळांच्या बांधणीतली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट आहे, असे मला मनापासून वाटते.

आता वेळेविषयी. जुलै २०११ मध्ये वेन्झोऊजवळ दुसऱ्या एका मार्गावर झालेल्या भीषण अपघातानंतर देशभरातील अतिवेगवान गाड्यांचा वेग कमी करण्यात आला. या मार्गावर ताशी ३५० किलोमीटरचा वेग सप्टेंबर २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाला. जिनान, नानजिंग अशी मोजकीच स्थानके घेणारी सर्वांत जलद गाडी हे अंतर सुमारे सव्वाचार तासांत कापते, म्हणजे थांबे धरूनही तिचा सरासरी वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर राहतो. जास्त थांबे घेणाऱ्या गाड्यांना साडेपाच ते सहा तास लागतात. म्हणून तिकीट काढताना सुटण्याच्या वेळेइतकेच पोहोचण्याच्या वेळेकडेही लक्ष द्यावे.

विमानाचा प्रवास वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास दिसतो, परंतु शहरातून विमानतळ गाठणे, तपासणी, सामानाची वाट पाहणे आणि उतरल्यावर पुन्हा शहरात येणे हे सारे धरले, तर दोन्ही प्रवासांत फारसा फरक उरत नाही. त्यात बीजिंगला २०१९ पासून दोन मोठे विमानतळ आहेत आणि त्यांपैकी दाशिंग हा विमानतळ शहराच्या बराच दक्षिणेला आहे. रेल्वेतही सुरक्षा तपासणी असते आणि गाडी सुटण्यापूर्वी काही मिनिटे फलाटाचे फाटक बंद होते, तेव्हा तासभर आधी पोहोचावे. परदेशी प्रवाशाचे तिकीट पासपोर्टवर नोंदलेले असल्याने मूळ पासपोर्ट जवळ हवाच.

शहराच्या मध्यभागी काम असेल, तर मी रेल्वेच सुचवेन. मात्र शांघायच्या पुडोंग विमानतळावरून लगेच पुढचे विमान पकडायचे असेल, तर हिशेब बदलतो. रेल्वेचे होंगछ्याओ स्थानक शहराच्या पश्चिमेला आहे आणि पुडोंग पूर्वेच्या टोकाला. मेट्रोने तिथे जायला दीड तासाच्या आसपास लागतो. अशा वेळी बीजिंगहून थेट पुडोंगला उतरणारे विमान घेणे सोयीचे.