आठ वर्षांची मुलगी एकटीच कुणाशी तरी बोलते. हा स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) असेल का?

बहुधा नाही. या वयात काल्पनिक मैत्रीण असणं नेहमीचंच. भातुकलीत तिच्यासाठी वेगळी ताटली मांडली जाते आणि आईने हाक मारली की खेळ मोडतो. 13 वर्षांच्या आत सुरू होणारा स्किझोफ्रेनिया फार दुर्मीळ, अंदाजे 40,000 मुलांत एक. त्यात ऐकू येणारे आवाज मुलाच्या ताब्यात नसतात. मूल कान झाकून घेतं, वरणभातात विष आहे म्हणून जेवत नाही, येत असलेले पाढे विसरतं, मित्रांत जाईनासं होतं. असं दिसलं तर थेट बालमानसोपचारतज्ज्ञ गाठा (अंगारे-धुपाऱ्यांत महिने घालवणारे पुष्कळ). फिट्स, औषधांचा परिणाम वगैरे ते आधी तपासतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं, फुकट.