ॲड-हॉक नेटवर्कमध्ये (मधल्या राउटरशिवाय उपकरणं थेट एकमेकांना जोडलेली) लिंक ५४ एमबीपीएस दाखवते, तरी तीन हॉपनंतर, म्हणजे उपकरणाकडून उपकरणाकडे तीन टप्पे झाल्यावर, व्हिडिओ का अडकतो?

५४ हा नुसता हवेतला दर. यूडीपीच्या (पोच न मागता डेटा पाठवायची पद्धत) हाती त्यातले जेमतेम निम्मे, २६ धरा. आपला व्हिडिओ बंद ठेवून लिनक्सच्या ‘आयडब्ल्यू’ या वाय-फाय कमांडमधल्या सर्व्हे डंपचे ॲक्टिव्ह (चॅनेल ऐकल्याचा वेळ) आणि बिझी (त्यातला चॅनेल व्यापलेला वेळ) आकडे १० सेकंदांच्या अंतराने दोनदा घ्या. आकडे साठत जातात, म्हणून फरक काढा. ॲक्टिव्ह १०,००० आणि बिझी ६,००० मिलिसेकंद म्हणजे चॅनेल ४० टक्के मोकळा.

समोरचा नोड, म्हणजे पलीकडचं उपकरण, ५० टक्के मोकळा असला, तरी दोघं एकाच वेळी मोकळे हवेत. दोघांकडची गर्दी एकमेकांवर अवलंबून नाही असं धरलं, तर गुणाकार: ०.४ × ०.५ × २६ = ५.२ एमबीपीएस. इथे गुणाकाराऐवजी दोन्हींतला लहान आकडा, ०.४, धरून बरेच जण फसतात. तिन्ही हॉप एकमेकांना ऐकू येत असतील तर एका वेळी एकच बोलू शकतो, म्हणून भागिले तीन, उरले १.७.

आणि कोथरूडच्या सोसायटीत मोजायचं तर रात्री नऊला, घरोघरचे राउटर जोरात असताना. दुपारचा आकडा फसवा.