इंटर्नलला ३८ आणि पेपरात १७: वाचकांचे परीक्षेबद्दलचे प्रश्न

निकाल लागले की टपाल आणि व्हॉट्सॲप दोन्ही फुगतात. या वेळी तर चोपडा, शहादा, साक्री, यावल, सगळीकडून एकच विषय आलाय, परीक्षा. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, निवडक घेतो. नावं मुद्दाम छापत नाही, कारण काही पत्रांत कॉलेजबद्दल फार स्पष्ट लिहिलंय आणि पोरांना तिथेच अजून दोन वर्षं काढायचीत.

प्रश्न (चोपडा, एक पालक): पोरगा बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. एका विषयात इंटर्नलला ४० पैकी ३८ आणि युनिव्हर्सिटीच्या पेपरात ६० पैकी १७. बेरीज ५५ होते ना भाऊ, मग नापास कसा? कॉलेजात विचारलं तर कोणी नीट सांगू नाही राहिलं.

भाऊ, बेरीज बरोबर आहे पण पासिंग बेरजेवर नसतं. बहुतेक ठिकाणी अंतर्गत आणि बाह्य असे दोन हेड धरतात आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. ६० चे ४० टक्के म्हणजे २४, मुलाला १७, तिथेच अडकला. तरी त्याच्या विद्यापीठाच्या नियमात हेड ऑफ पासिंग कसं लिहिलंय ते एकदा बघून घ्या, अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये पहिल्या दोन-चार पानांतच असतं. आणि एक लक्षात घ्या, इंटर्नलचे ३८ सहसा तसेच पुढे धरले जातात, म्हणजे पोराला फक्त ६० चा पेपर परत द्यायचाय.

पण खरी गोष्ट त्या ३८ मध्ये आहे. ३८ आणि १७ एकाच पोराचे, एकाच विषयातले असतील तर दोघांपैकी एक आकडा खोटं बोलतोय, आणि कोणता ते गावातला कोणीही सांगेल. बऱ्याच कॉलेजांत इंटर्नल म्हणजे एक चाचणी, तीही आधी सांगितलेल्या पाच प्रश्नांतली, आणि एक असाइनमेंट जी एकाने लिहायची आणि चाळीस जणांनी उतरवायची. सरांना पण माहिती असतं, पण मार्क कमी दिले तर रिझल्ट पडतो, रिझल्ट पडला तर पुढच्या वर्षी ॲडमिशन पडतात. वर्षभराच्या कामाला मार्क द्या हे काही आत्ता सुचलेलं नाही. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानेच लिहून ठेवलंय की विद्यापीठांत एकच सुधारणा करायची म्हटली तर ती परीक्षेत करा, आणि एक तृतीयांश मार्क वर्गातल्या कामाला ठेवा. मार्कांची वाटणी आपण केली, पण वर्गातलं काम मात्र राहूनच गेलं.

प्रश्न (भुसावळ, एमकॉमची विद्यार्थिनी): पेपर चांगला गेला होता तरी ३१ मार्क. फोटोकॉपी मागवू की डायरेक्ट रिव्हॅल्युएशन टाकू? मैत्रिणी म्हणतात पैसे वाया जातात.

आधी फोटोकॉपी, ताई. आपली उत्तरपत्रिका बघायला मिळणं हा हक्क आहे, उपकार नाही. २०११ साली सुप्रीम कोर्टाने सीबीएसईच्या केसमध्ये सांगितलंय की तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात येते. विद्यापीठाचा फोटोकॉपीचा अर्ज असतोच, फक्त मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती निकालाच्या तारखेपासून मोजतात, म्हणून मार्कशीट हातात यायची वाट बघत बसू नका.

कॉपी आली की भावनेच्या भरात वाचू नका. पहिल्यांदा पुरवणी सगळ्या लागल्यात का बघा. मग प्रत्येक प्रश्नाचे मार्क आतल्या पानावर आणि पहिल्या पानावर सारखे आहेत का, एखादा प्रश्न तपासायचाच राहिलाय का, आणि बेरीज. हल्ली स्कॅन करून स्क्रीनवर तपासतात, त्यामुळे बेरीज मशीन करतं, ती सहसा चुकत नाही, पण स्कॅनिंगमध्ये पान सुटणं, पुरवणी दुसऱ्याच्या नावावर जाणं असले नवीन घोळ आलेत. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये एकदम सगळे पेपर ऑनस्क्रीन तपासायला घेतले तर निकाल महिनोन् महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. यातलं काही सापडलं तर रिव्हॅल्युएशन टाकाच. काहीच सापडलं नाही आणि नुसतं वाटतंय की अजून चार मिळायला हवे होते, तर मैत्रिणींचं ऐका.

प्रश्न (शहादा तालुक्यातले प्राध्यापक, अर्थशास्त्र): ओपन बुक परीक्षा घ्या, उच्च पातळीचे प्रश्न काढा असं वरून सांगतात. आमची मुलं घरी पावरी-भिलोरी बोलणारी, पुस्तक उघडं दिलं तरी कुठे बघायचं कळत नाही. आमच्यासारख्या कॉलेजात हे कसं जमायचं?

सर, पुस्तक उघडं ठेवून “मागणीची लवचिकता म्हणजे काय ते स्पष्ट करा” विचारलं तर ती परीक्षा नाही, शुद्धलेखन आहे. प्रश्न बदलल्याशिवाय ओपन बुकला काही अर्थ नाही, आणि प्रश्न बदलला तर खरं सांगायचं तर पुस्तक बंद असलं तरी चालतं. एक नमुना देतो, आकडे माझ्या मनाचे:

“केळीचा भाव क्विंटलला २००० रुपयांवरून १६०० वर आला आणि बाजारातली रोजची विक्री ५० क्विंटलवरून ५५ झाली. (अ) लवचिकता काढा. (आ) शेतकऱ्यांच्या हातात रोज एकूण पैसा वाढला की घटला? (इ) हाच भाव कापसाचा पडला असता तर शेतकऱ्याने काय केलं असतं आणि केळीवाल्याला ते का जमत नाही?”

भाव २० टक्के पडला, विक्री १० टक्के वाढली, लवचिकता म्हणजे १० भागिले २०, ०.५. पैसा एक लाखावरून ८८ हजारावर. इथपर्यंत सूत्र पाठ असलेलं पोरगं पण येतं. खरी मजा (इ) मध्ये. कापूस घरात भरून ठेवता येतो, भाव येईपर्यंत थांबता येतं, केळीचा घड कापला की दिवस मोजावे लागतात. हे तुमच्या वर्गातल्या पोराला पुस्तकातल्यापेक्षा जास्त कळतं, त्याला फक्त ते ‘पुरवठा’ या धड्याशी जोडायचंय. १० पैकी दोन आकडेमोडीला, दोन पैशाच्या हिशोबाला आणि सहा (इ) ला ठेवा, आणि ते सहा कशाकशाला ते आधीच कागदावर लिहा: साठवण सांगितली, वेळ सांगितला, धड्यातली संकल्पना जोडली, प्रत्येकी दोन. हे वर्गात आधीच वाचून दाखवलं तरी पेपर फुटत नाही, उलट मुलांना कळतं काय मागताय ते.

भाषेचं म्हणाल तर शिकवण्याचं माध्यम इंग्रजी असलं तरी मुलांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्या, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवलंय. पावरीत पेपर इतक्यात कोणी देणार नाही, पण प्रश्न साध्या मराठीत विचारायला आपल्याला कोणी अडवलंय? ‘विशद करा’, ‘ऊहापोह करा’ काढून ‘कारण सांगा’ लिहिलं तरी निम्मं काम होतं. आणि एकदम सगळा पेपर बदलू नका हो, पहिल्या वर्षी इंटर्नलमधला एकच प्रश्न असा टाका. इंटर्नल तुमच्या हातात आहे, तिथे कोणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न (यावल): मुलीने एफवायबीए पूर्ण केलं आणि लग्न झालं, आता दोन वर्षांनी सासरचे शिकू द्यायला तयार आहेत. परत पहिल्यापासून का?

नाही बाई, बहुतेक नाही. नवीन पद्धतीत पास झालेल्या विषयांचे क्रेडिट, म्हणजे तेवढं शिकून झाल्याची नोंद, ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी) या ऑनलाइन खात्यात जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. डिजिलॉकरमध्ये तिचा एबीसी किंवा अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) उघडून क्रेडिट दिसतात का बघा. दिसत नसतील तर घाबरू नका, पुष्कळदा कॉलेजने किंवा विद्यापीठाने अपलोडच केलेले नसतात, आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नाही म्हणूनही अडतं. नाव जुळतं का ते लग्नानंतरच्या आधार अपडेटच्या आधी बघा, नंतर फार चकरा होतात. अभ्यासक्रम मधल्या काळात बदलला असेल तर एखाददुसरा जास्तीचा विषय द्यावा लागेल, तेवढं धरून चाला.

प्रश्न (साक्री): शेवटचा पेपर होऊन दोन महिने झाले, निकाल नाही. विचारलं तर म्हणे “प्रोसेसमध्ये आहे”. काही नियम आहे का नाही?

आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ म्हणतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या वर नको. नाही जमलं तर उशिराची कारणं कुलपती आणि सरकारला कळवावी लागतात. म्हणून तोंडी विचारत फिरू नका, परीक्षा विभागाला लेखी अर्ज द्या, त्यात शेवटच्या पेपरची तारीख टाका आणि पोच घ्या. एकट्याने नका देऊ, वर्गातल्या दहा-पंधरा जणांच्या सह्या घ्या. दरम्यान पुढच्या ॲडमिशनसाठी कॉलेजकडून परीक्षेला बसल्याचं सर्टिफिकेट मागून ठेवा, प्रोव्हिजनल प्रवेशाला त्यावर काम भागतं का ते तिथल्या ऑफिसात आजच विचारा.