प्रश्न तुमचे: गार हात, पिवळी जीभ आणि पातीच्या कांद्याचा काढा

चिनी वैद्यकातल्या प्रकृतिविचाराबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

थंडी सुरू झाली की माझे हातपाय बर्फासारखे गार पडतात. मोबाइलवर चिनी प्रकृतीची प्रश्नावली भरली, त्यात 'यांग कमी' आलं. म्हणजे माझी वातप्रकृती का? रोज सुंठ सुरू करू का? – वाचक, इंदिरानगर

सुंठ जरा थांबू द्या. चिनी मांडणीत यांग म्हणजे शरीराला ऊब देणारी बाजू. आधी ती प्रश्नावली पुन्हा भरा, कारण तिच्यात चूक कुठे होते हे ठरलेलं आहे. चीनमध्ये २००९ साली नऊ प्रकृतींचं जे प्रमाण ठरलं (त्यामागे वांग ची या वैद्यांचं काम आहे), त्यातले प्रश्न 'गेल्या एका वर्षात' असे विचारलेले आहेत. निफाडचा पारा घसरलेल्या आठवड्यात, स्वेटर घालून भरली तर अर्धं नाशिक यांग-कमी निघेल. मे महिना आठवून उत्तरं द्या.

दुसरी चूक हिशेबाची. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. यांग-कमी प्रकृतीचे प्रश्न ७. समजा तुमची बेरीज १७ आली. त्यातून ७ वजा केले की १० उरतात. १० ला २८ ने भागून १०० ने गुणलं की ३६ येतात. ४० किंवा त्याहून जास्त आले तर ती प्रकृती. ३० ते ३९ म्हणजे नुसता कल. ३० च्या आत असेल तर नाही. पुष्कळदा सगळ्यांत मोठा आकडा बघून शिक्का मारला जातो, मग तो ३६ का असेना. एका माणसात दोन-तीन प्रकृती एकत्र असू शकतात, हेही लक्षात ठेवा.

आता हात. नुसती बोटं गार, पण पोट आणि कंबर उबदार, आणि चिडचिड किंवा काळजी वाढली की गारवा वाढतो, असं असेल तर चिनी वैद्य ते 'ची' (शरीरात फिरणारी प्राणशक्ती) अडकल्याचं लक्षण धरतात. ऊब आत आहे, ती टोकापर्यंत पोचत नाही. अशा माणसाला रोज सुंठ दिली तर तोंड येतं, छातीत जळजळतं. यांग खरंच कमी असेल तर गुडघे, कंबर, ओटीपोट गार असतं, फ्रिजमधलं पाणी सोसत नाही, शौचाला पातळ होतं, आणि जीभ फिकट, ओलसर, फुगलेली, कडेला दातांच्या खुणा असलेली दिसते.

वाताशी जोडी मात्र लावू नका. वात थंडही आहे आणि रूक्षही. चिनी मांडणीत थंडपणा यांग कमी झाल्याचा आणि कोरडेपणा यिन (गारवा-ओलावा देणारी बाजू) कमी झाल्याचा, म्हणजे एकाच वाताचे दोन तुकडे दोन वेगळ्या घरांत जातात. कोरडी त्वचा, तळहातापायांची आग, रात्रीचा घाम अशा यिन-कमी माणसाला 'वात आहे' म्हणून सुंठ दिली की कोरडेपणा वाढतो. आणि काहीही सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासून घ्या. थंडीत बोटं पांढरी, मग निळी पडत असतील तर डॉक्टरांना दाखवाच.

सकाळी जीभ पिवळी दिसते. म्हणजे पोटात उष्णता आहे का? – वाचक, सातपूर

आदल्या रात्री मिसळ खाल्ली होती का? हळद आणि तर्री, विडा, बीट, कॉफी, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या, सगळ्यांनी जिभेचा रंग बदलतो. उठल्यावर चूळ भरण्याआधी, जिभलीने खरवडण्याआधी, खिडकीच्या उजेडात पाहा. पिवळ्या बल्बखाली पांढरा थरही पिवळा दिसतो. जीभ ताणून फार वेळ बाहेर ठेवू नका. १५ सेकंदांनंतर ताणानेच ती गडद होऊ लागते. परत आत घ्या, मग पुन्हा पाहा.

थर आणि जिभेचं मांस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळ पांढरा थर नेहमीचा. पिवळा, चिकट, दाट थर आठवडाभर रोज दिसला आणि सोबत तोंड कडू, लघवी गडद, शौच चिकट असेल तरच 'दमट उष्णता' म्हणायचं. चिनी नकाशात शेंडा हृदयाचा, मधला भाग प्लीहा-जठराचा, कडा यकृताच्या, मूळ मूत्रपिंडाचं; पण हा त्यांच्या शास्त्राचा नकाशा आहे, सोनोग्राफी नव्हे. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिली, त्यातही तंबाखू असेल, तर दंतवैद्यांकडे जा.

चिनी नाडी आणि आपली नाडी एकच का? – वाचक, देवळाली कॅम्प

बोटं तीनच, वाचन वेगळं. आपल्याकडे तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त, अनामिकेखाली कफ. त्यांच्याकडे डाव्या मनगटावर हृदय, यकृत, मूत्रपिंड. उजव्यावर फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड, तेही वर, मध्ये आणि खोल असं तीनदा दाबून. जिना चढून किंवा चहा घेऊन लगेच हात पुढे करू नका, १० मिनिटं बसा.

यजमान पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला जातात आणि सर्दी घेऊन येतात. चिनी पद्धतीत घरचा उपाय आहे का? – वाचक, निफाड तालुका

आहे, आणि सामान तुमच्या शेतातलंच. पातीच्या कांद्याचे मुळासकट ३ पांढरे दांडे, ताजं आलं साधारण १० ग्रॅम, पाणी २ कप. आल्याच्या चकत्या ५ मिनिटं उकळा, मग ठेचलेला कांदा घालून झाकण ठेवून आणखी २-३ मिनिटं. गाळून गरम गरम प्यायला द्या, पांघरूण घालून झोपवा. अंगाला हलका घाम सुटला की काम झालं. घामाने भिजवायचं नाही आणि घाम आल्यावर दुसरा कप द्यायचा नाही.

बिघडतं ते इथे: आपली सवय काढा चतुर्थांश उरेपर्यंत आटवायची. तसं केलं तर कांद्या-आल्याचा वास, म्हणजे ज्यासाठी हे करायचं तोच भाग, वाफेबरोबर स्वयंपाकघरात उडून जातो. आल्याऐवजी सुंठही नको. चिनी वैद्यांच्या मते ताजं आलं बाहेरची थंडी बाहेर काढतं, सुंठ पोट तापवते. दोघांची कामं वेगळी.

हा उपाय पहिल्या दिवसाचा: थंडी वाजतेय, नाक पाण्यासारखं गळतंय, घाम नाही, घसा दुखत नाही. घसा लाल, कफ पिवळा, तहान जास्त असेल तर तो देऊ नका, घसा आणखी पेटेल. तिथे ते शेवंतीच्या फुलांचा चहा देतात. पण आपल्या फुलबाजारातली शेवंती पूजेसाठी पिकवलेली, फवारलेली असते. ती कृपा करून उकळू नका. ताप तीन दिवसांवर गेला किंवा धाप लागली तर दवाखाना.

आईला रक्त पातळ करणारी वॉरफरिन आणि बीपीची गोळी चालू आहे. नातेवाइकांनी सिंगापूरहून चिनी औषधी मुळ्यांची पुडी आणलीय. द्यावी का? – वाचक, नाशिकरोड

नाही. डांग-ग्वेई आणि डान-शेन या मुळ्या वॉरफरिनचा परिणाम वाढवून रक्तस्राव घडवू शकतात. जिनसेंगने उलट तो कमी होऊ शकतो. गोजी बेरीसुद्धा निरुपद्रवी नाही. पुष्कळ चिनी मिश्रणांत ज्येष्ठमध असतो. तो रोज पोटात गेला तर बीपी वाढतो आणि पोटॅशियम उतरतं.

नावांचा घोटाळा याहून वाईट. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत 'फांग-ची' नावाची एक मुळी घालायची होती. त्याच नावाची दुसरी, अॅरिस्टोलोकिया कुळातली, गेली. कित्येक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. म्हणून पुडीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नसेल तर ती उघडूच नका. ती बाजूला ठेवा, आणि आईने आधीच काही घेतलं असेल तर डॉक्टरांना सांगून या आठवड्यातच आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या.