मुलीचा ताबा करारात लिहून देता येत नाही

प्रश्न: माझं लग्न भारतात हिंदू पद्धतीनं झालं. लग्नाच्या चार दिवस आधी सासरच्या वकिलांनी तयार केलेल्या विवाहपूर्व करारावर मी सही केली. घटस्फोट झाल्यास मी पोटगी मागणार नाही आणि मुलं वडिलांकडे राहतील, असं त्यात आहे. सहा वर्षं आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, मुलगी चार वर्षांची आहे. नवऱ्यानं आता तिथल्याच कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केला आहे. पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन माहेरी जायचं तिकीट आहे, परत यायचा विचार नाही. नवऱ्याला वाटतं मी सुट्टीला चालले. ‘तीन आठवडे जाऊन या’ असा त्याचा मेसेज आहे. तो करार मला बांधतो का? आणि मी मुलीला घेऊन भारतातच राहिले तर काय होईल?

उत्तर: ताई, कराराचं नंतर सांगते, आधी तिकिटाचं. परत न जाण्याचा विचार मनात ठेवून मुलीला घेऊन विमानात बसू नका.

तुम्ही दोघं विवाहित आहात, म्हणजे इंग्लंडच्या कायद्यानं मुलीची पालक म्हणून जबाबदारी दोघांची आहे. वडिलांच्या किंवा कोर्टाच्या संमतीशिवाय तिला देशाबाहेर नेणं हा तिथे १९८४ च्या कायद्याखाली फौजदारी गुन्हा आहे. तीन आठवड्यांची संमती घेऊन मुलीला कायमचं ठेवून घेतलंत तर तेही बेकायदा ठरतं, आणि पुढच्या प्रत्येक सुनावणीत ‘हिनं फसवून मूल नेलं’ हे वाक्य तुमच्या आधी कोर्टात पोचतं.

‘भारत हेग करारात नाही, तिथून मूल कोणी परत नेऊ शकत नाही’ असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंही असेल. पहिली गोष्ट खरी आहे. मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात, म्हणजे परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याच्या देशादेशांमधल्या करारात, भारत सहभागी नाही. दुसरी खरी नाही. वडील उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा ताब्यातल्या व्यक्तीला कोर्टापुढे आणा अशी, याचिका करतात आणि मुलीला हजर करण्याचा आदेश निघतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये म्हटलं की परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा आहे, शेवटचा निकष मुलाचं हितच. पण त्याच निकषावर २०२२ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला परत पाठवण्याचा आदेशही त्याच न्यायालयानं दिला. पाच वर्षांखालचं मूल शक्यतो आईकडे राहावं, असं १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. पण त्यातला ‘शक्यतो’ विसरू नका, आणि तुमची मुलगी वर्षभरात पाच पूर्ण करेल.

अशा एका प्रकरणात मी आईची वकील होते. उच्च न्यायालयाच्या व्हरांड्यात सहा वर्षांचा मुलगा आईची ओढणी धरून बसला होता. आठ महिन्यांनी बाप समोर आला तेव्हा तो उठला, दोन पावलं गेला, आईकडे वळून पाहिलं आणि मध्येच उभा राहिला. ते पाहिल्यापासून कोणत्याही आईला ‘आधी या, मग बघू’ असं मी सांगितलेलं नाही.

आता करार. ताब्याच्या कलमाला कोणतंही कोर्ट बांधील नाही, ना तिथलं ना इथलं. इंग्लंडमध्ये १९८९ च्या कायद्यानं आणि आपल्याकडे १८९० च्या व १९५६ च्या कायद्यानं मुलाचं हित पाहूनच निर्णय होतो, आणि जन्माआधी आईबापांनी काय लिहून ठेवलं यावरून ते हित ठरत नाही. पैशाच्या कलमाबाबत मात्र सावध राहा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये ठरवलं की परिणाम पूर्ण समजून, स्वखुशीनं केलेल्या कराराला वजन द्यावं, तो अन्यायकारक नसेल तर. म्हणून तुमची खरी लढाई इथे आहे: चार दिवस आधी, स्वतःचा वकील नसताना, पत्रिका वाटून झाल्यावर घेतलेली सही. तो मसुदा तुम्हाला कधी दाखवला, कोणी काय म्हटलं, त्या दिवसांतले मेल, मेसेज सगळं शोधून ठेवा. भारतात हिंदू विवाहात पोटगीचा हक्क आधीच सोडून देणारं कलम सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून टिकत नाही. (गोव्यातली गोष्ट वेगळी, तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यात विवाहपूर्व कराराला जागा आहे.)

मग मुलीला घेऊन भारतात राहायचंच असेल तर? तिथल्या फॅमिली कोर्टाकडे स्थलांतराची परवानगी मागा. सोपं नाही, भारत हेग करारात नसल्यानं वडिलांची भेट कशी होणार याची हमी कोर्ट मागतं, भारतीय कोर्टातून त्याच धर्तीचा आदेश आणायलाही सांगू शकतं. तुमचा अर्ज भावनेवर नाही, तपशिलावर उभा राहतो. भारतात ती कुठे राहील, कोणत्या शाळेत जाईल, तुमचं उत्पन्न काय, वडिलांशी व्हिडिओ कॉल कोणत्या वारी, सुट्ट्या कोणाकडे. आणि आजवर तिला नर्सरीत कोण सोडतं, तापात डॉक्टरकडे कोण नेतं, रात्री कोण झोपवतं, याची तारखेनिशी नोंद आजपासून ठेवा. नवराच मुलीला गुपचूप घेऊन जाईल अशी भीती असेल, तर ते रोखणारा आदेश तुम्हालाही मागता येतो. घरात मारहाण होत असेल तर तिथल्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, सरकारी खर्चानं वकील मिळण्याची वाट त्यातून उघडते. व्हिसा नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याचा सल्ला वेगळा घ्या, तोही लगेच.

घटस्फोटाच्या कागदांवर मात्र घाईनं संमती देऊ नका. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळतो, पण हिंदू विवाह कायद्यात तसं एकतर्फी कारण नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालानुसार तुमच्या संमतीशिवाय मिळालेला तसा निवाडा भारतात मानला जाईलच असं नाही. तुम्ही स्वतःहून संमती दिलीत तर चित्र बदलतं. दोन्हीकडचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारूनच उत्तर द्या, पण मुदतीत द्या.

आणि तो मेसेज. ती तीन आठवड्यांची संमती आहे, तेवढीच. आईला भेटायला जायचंच असेल तर नवऱ्याकडून जाण्याच्या आणि परतीच्या तारखा लेखी घ्या, त्याच तारखेचं दोघींचं परतीचं तिकीट काढा, त्याची प्रत त्याला पाठवा आणि त्या दिवशी परत या. निघण्याआधी स्थलांतराचा अर्ज वकिलाकडे तयार असू द्या.